मोरणीच्या पाठीवरची जागा

खोडद, ता. जुन्नर
दि. १२ नोव्हेंबर २०२४

मित्रवर्य धर्माजी यांस, खोडदहून यमाजीचा नमस्कार पोहोचावा.

फोनवर बोललेला शब्द कोणाच्याच मालकीचा राहत नाही, म्हणून हे लेखी पाठवीत आहे. आमचा मुलगा गोरक्ष दुधाची गाडी घेऊन रोज कळंबला येतोच; त्याच्याच हाती पत्र देत आहे. पाकीट चिकटवलेले आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी शुद्धलेखन पक्के आहे. तुम्ही मामांकडे राहून खोडदच्या शाळेत शिकत होता, तेव्हा माझ्याच पाटीवर पाहून लिहीत होता, हे तुम्ही विसरला नसाल.

दसऱ्याच्या दिवशी खंडोबाच्या देवळात जे घडले, ते कागदावर असावे. शर्यतीच्या गाड्याला बैल तुमचे आणि गाड्यापुढे पळणारी घोडी आमची, हा आपला रिवाज आपल्या दोघांच्याही केसांत काळे होते तेव्हापासूनचा. आमच्या घराण्यात मेंढ्या गेल्या, पालावरचा संसार गेला, परंतु दारातली घोडी गेली नाही. घोडीवर गोरक्ष बसत असे. त्याच्यासारखा हलका आणि न डगमगणारा स्वार जुन्नर-आंबेगाव दोन्ही तालुक्यांत नव्हता, असे तुम्हीच भर घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणाला होता. पुढे शर्यतींवर बंदी आली आणि घाट ओस पडले. बंदी उठली तेव्हा बैल बदलले होते, जुनी घोडी जाऊन मोरणी आली होती, स्वार मात्र तोच राहिला होता आणि तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. इतकी वर्षे त्याने दुधाच्या गाडीत बसून काढली. त्याचे वजन चौऱ्याऐंशी किलो भरले. गेल्या चैत्रात आपला गाडा मागे राहिला, त्याचे कारण एवढेच.

त्यावरून दसऱ्याला चहावाला भिका सर्वांसमक्ष म्हणाला, "औंदा गोरक्ष घोडीवर बसणार का घोडी गोरक्षावर?" लोक हसले. तुम्हीही हसलात, मी पाहिले. म्हणून मी देवापुढचा भंडारा उचलून बोललो की, येत्या चैत्राच्या यात्रेत मोरणीवर गोरक्षच बसेल, आणि ज्या दिवशी तिच्या पाठीवर दुसरा कोणी बसेल, त्या दिवसापासून माझ्या दारात घोडी राहणार नाही. त्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "यमाजी, जागा तुमचीच. गोरक्षानं सत्तरवर आणावं, मी थांबतो."

तुमचा हा शब्द मी धरून चाललो आहे. गोरक्षाने परवापासून सुरुवात केली आहे. आमचे शरीर आजवर आमच्या आज्ञेबाहेर गेलेले नाही.

आपला बालमित्र,
यमाजी


खोडद
दि. २ जानेवारी २०२५

मित्रवर्य धर्माजी यांस,

तुमचा निरोप गोरक्षाने तोंडी सांगितला : "तात्या म्हणले, जागा कुठं पळून चालली न्हाई." समाधान वाटले. लेखी उत्तर दिले असते तर अधिक वाटले असते.

प्रगती कळवतो. गोरक्षाने साखर सोडली, भात सोडला, वडापाव आणि मिसळ यांचे नाव घेत नाही. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी, सोबत उकडलेले मूग. त्याची बायको निर्मला भाकरीचा उंडा हातात घेऊन आधी नवऱ्याकडे पाहते आणि मग त्यातला तुकडा काढून परातीत ठेवते. पहाटे तो रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्याने पळत जातो व पळत परत येतो. मी त्या वेळी ओट्यावर उभा असतो. भिका म्हणतो, "तबकड्या आभाळातलं ऐकत्यात म्हणं. सध्या गोरक्षाच्या पोटातलं ऐकत आसतील." मी त्याच्याकडे चहा घेणे बंद केले होते, परंतु दुसरीकडचा चहा पाणचट असतो.

पहिल्या महिन्यात वजन झरझर उतरले. कांद्याच्या काट्यावर अठ्ठ्याहत्तर दिसले तेव्हा निर्मलाने देवाला नारळ फोडला. त्यानंतर मात्र काटा तेथेच थांबला आहे. गोरक्षाने संध्याकाळची अर्धी भाकरीही सोडून पाहिली. काटा हलला नाही. मला प्रथम संशय घरातच आला. चौकशी केली असता आमच्या मंडळींनी, गजराबाईंनी, मुगात चमचाभर तूप घातल्याचे कबूल केले. त्यांचे म्हणणे, "पोराचं त्वांड बघवंना. गालफडं बसली, प्वाट न्हाई बसलं." मी तुपाचा डबा माझ्या पेटीत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. पंधरा दिवस झाले. काटा तेथेच आहे.

मग मी स्वतः त्याला जुन्नरला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, कोठे दोष नाही. डॉक्टर वयाने लहान, परंतु नम्र आहेत. ते म्हणाले की, चाळिशीनंतर शरीर काटकसरी होते; कमी दिले की कमी खर्चते आणि साठवलेले सोडत नाही; उपाशी राहू नये, धीर धरावा, वर्ष-दीड वर्ष लागेल. मी त्यांना विचारले की, चैत्राला किती महिने उरले ते ठाऊक आहे का. त्यांना चैत्र कधी येतो तेच ठाऊक नव्हते.

जन्मभर ज्याला खाऊ घातले ते शरीर ऐन वेळी मालकाशी असे वागते, हे मी प्रथमच ऐकले. आम्ही कोकणात मेंढ्या घेऊन उतरत असू, तेव्हा काट्यावर उभे राहण्याची पाळी कोणावर आली नाही. हे मी गोरक्षाला ऐकवले. तो बूट बांधून पुन्हा पळायला गेला.

तुम्ही निश्चिंत असावे. आठ किलोंचाच प्रश्न आहे.

यमाजी


खोडद
दि. १८ फेब्रुवारी २०२५

धर्माजी यांस नमस्कार.

गोरक्ष सरावासाठी मोरणीला दुधाच्या गाडीत घालून कळंबच्या घाटात आणतो, हे उत्तम झाले. 'जागा कुठं पळून चालली न्हाई' हा तुमचा निरोपही त्याने मागल्या आठवड्यात पुन्हा सांगितला. तो म्हणतो, तुम्ही स्वतः उभे राहून पाहता. त्याचे बसणे कसे वाटते ते मात्र त्याच्या तोंडून कळत नाही. विचारले की म्हणतो, "चाललंय, आप्पा." पूर्वी सरावाहून आला की जेवताना हातानेच घाट काढून दाखवत असे.

मोरणीच्या मागच्या मांडीवर तुमच्या कुंपणाची तार लागून जखम झाली. हळद आणि निंबाचे तेल लावून भरत आली आहे. घाटाजवळ काटेरी तार लावू नये, हे बैलवाल्याला मी सांगावे असे नाही.

वजन सत्त्याहत्तर. एक किलो उतरले. परवा पहाटे रस्त्यात त्याला चक्कर आली. तबकड्यांवर कामाला असलेल्या एका गृहस्थांनी मोटारसायकलवर घरी आणून सोडले. गजराबाईंनी माझ्याकडे किल्ली मागितली. मी दिली. त्यांनी शिऱ्याची वाटी पुढे केली, तेव्हा गोरक्षाने ती हाताने सरकवली आणि म्हणाला, "आये, आता तू तरी मला लबाड करू नगंस." 'तू तरी' असे तो का म्हणाला, हे मला समजले नाही. वय झालेल्या मुलाच्या बोलण्याचा प्रत्येक वेळी अर्थ लावू नये, म्हणून सोडून दिले.

धर्माजी, आजवर मी कोणाकडे सवलत मागितलेली नाही. तरीही विचारतो. सत्तरऐवजी पंचाहत्तर चालेल का? त्याची कसरत तुम्ही पाहिली असती तर तुम्हीच हे सुचवले असते. उत्तर या वेळी लेखी द्यावे.

यमाजी


खोडद
दि. १ मार्च २०२५

धर्माजी यांस,

हे पत्र टपालाने पाठवीत आहे. गोरक्षाच्या हाती का दिले नाही, ते पुढे कळेल.

महाशिवरात्रीला आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी शर्यत झाली. त्या शर्यतीचे चलचित्र भिकाने काल मला त्याच्या मोबाइलवर दाखवले. दाखवण्याआधी तो बाकावरचे पाणी पुसून म्हणाला, "बाबा, जरा बसा." तेव्हाच मला समजायला हवे होते.

बैल तुमचे होते, हे मी शिंगांवरून ओळखले. घोडी कोणाची हे ओळखायला मला शिंगे लागत नाहीत. तिच्या पाठीवर तुमचा नातू ऋतिक होता. ती वाऱ्यासारखी निघाली. तुमचा गाडा पहिला आला. लोक फेटे उडवीत होते. तुम्ही वरच्या टोकाला उभे राहून दोन्ही हात वर केले होते. आणि खाली, सुटण्याच्या जागी, मोरणीचा लगाम धरून तिला उभी करणारा मनुष्य माझा मुलगा होता. तिला सोडल्यावर तो तिच्या मागे काही पावले धावला आणि मग थांबला.

मला त्या दिवशी घरी असे सांगण्यात आले होते की, गोरक्ष गाडीच्या दुरुस्तीसाठी मंचरला गेला आहे.

तुम्ही 'थांबतो' म्हणाला होता. तुमच्या नातवाला जागा हवी होती, तर माझ्या ओट्यावर येऊन मागायची होती. मी नाही म्हटले असते. तो माझा अधिकार होता. तुम्ही तो चोरलात. आणि माझ्या मुलाला त्या चोरीत लगाम धरायला उभे केलेत. मी पत्रे लिहीत होतो, पंचाहत्तर किलो मागत होतो, आणि ती पत्रे तुम्हाला कोण आणून देत होता? कोणत्या तोंडाने घेत होता तुम्ही ती?

मुलाशी मी अद्याप बोललेलो नाही. तुमच्याशी यापुढे बोलणार नाही.

यमाजी


खोडद
दि. ९ मार्च २०२५

धर्माजी यांस,

'बोलणार नाही' असे लिहिले होते. लिहिणार नाही असे लिहिले नव्हते.

तुम्ही गुरुवारी आलात. मी तुम्हाला ओट्यावर बसवले, चहा दिला, आणि तुम्ही तोंड उघडले तेव्हा उठून आत गेलो. घरी आलेल्या माणसाशी असे वागणे शोभत नाही. परंतु तुम्ही जे वागलात तेही शोभत नाही. जाताना तुम्ही दारातून मोठ्याने म्हणालात, "यमाजी, पोराला इचार. मी त्याला शबुद दिलाय, म्हणून माझं त्वांड बंद हाये." ते मी ऐकले. तुम्ही गेल्यावर जे झाले ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

मी गोरक्षाला समोर उभे केले. तो जसे बोलला तसेच उतरवतो.

म्हणाला, "आप्पा, मी लबाडी केली, पण खाण्यात न्हाई केली. खाण्यात एका घासाची लबाडी न्हाई."

माघात कळंबच्या घाटात पहिला सराव झाला, तेव्हा मोरणीला त्याचे ओझे घेऊन सुटता येईना. बैल मागून आले आणि एकाचे शिंग तिच्या मांडीत गेले. ती तारेची जखम नव्हती. मी महिनाभर ज्या जखमेला हळद लावली, तिचेही मला खोटे सांगितले गेले. त्या दिवशी तो तिच्यावरून उतरला आणि स्वतःच तुम्हाला म्हणाला की, आता ऋतिकला बसवा. तुम्ही नको म्हणालात, दोन दिवस ऐकले नाहीत, असे तो म्हणतो. ते मी मान्य करतो. जागा तुम्ही चोरली, हे माझे वाक्य मी मागे घेतो. ती माझ्या मुलाने तुम्हाला दिली. मला न विचारता.

मी त्याला विचारले की, मला का सांगितले नाहीस.

तो म्हणाला, "तुमी भंडारा उचलला व्हता. सांगितलं आसतं तर त्याच दिशी घोडी दारातनं काढली आसती. मग तुमी जगला आसता व्हय? तुमाला ठावंच न्हाई तर शपथ मोडली कुठं?"

हे शहाणपण त्याचे एकट्याचे नसावे. त्यात तुमचाही वाटा असावा. तुम्ही तर देवळात माझ्या शेजारी उभे होता. भंडारा मी खंडोबाला साक्ष ठेवून उचलला. मी बघितले नाही म्हणून त्यानेही बघितले नसेल, असे तुम्हा दोघांना वाटले. आमच्या आज्ज्याने एका शब्दासाठी अर्धा कळप सोडून दिला होता. आमच्या घरात वाढलेल्या मुलाने, शपथ माणसापासून लपवली की देवापासूनही लपते, असे समजावे!

मग मी त्याला एक प्रश्न विचारला. तो विचारायला नको होता असे आता वाटते. माघातच जागा सोडलीस, तर त्यानंतर उपाशी का राहिलास? चक्कर येईपर्यंत रोज पहाटे का पळालास?

तो खाली पाहत म्हणाला, "तुमी वट्यावर हुबं ऱ्हाऊन बघत व्हता ना."

निर्मला दाराआड होती, ती रडू लागली. तो आणखी म्हणाला, "आन् वाटायचं, उतरंल बी. उतरलं आसतं तर तात्यांना म्हणलो आसतो, उठवा ऋतिकला. पण न्हाई उतरलं, आप्पा. मी लई केलं. न्हाई उतरत ते."

मी आत जाऊन पडलो.

धर्माजी, शरीराने त्याला दगा दिला, त्याचा राग मी कोणावर काढू? परंतु तुम्ही दोघांनी मिळून मला असा म्हातारा ठरवले की, ज्याच्यापुढे खरे बोलायचे नाही, ज्याला खोटा निरोप देऊन निजवायचे. 'जागा कुठं पळून चालली न्हाई.' हा निरोप तुम्ही दिला की गोरक्षाने वाटेत जुळवला, हे मी त्याला विचारलेले नाही आणि तुम्हालाही विचारत नाही. दोहोंपैकी काहीही खरे निघाले तरी एक मनुष्य कमी होईल. माझ्याकडे आता फार माणसे उरलेली नाहीत.

यमाजी


खोडद
दि. ३१ मार्च २०२५

धर्माजी यांस,

मोरणी आज तुमच्याकडे निघाली आहे; हे पत्र मागोमाग भिकाच्या हाती येत आहे. ती तुमच्याकडेच राहील. माझ्या बोलण्याप्रमाणे ती शिवरात्रीलाच माझ्या दारातून जायला हवी होती. मांडीची जखम पुरती भरू दिली, काल पाडवा होता, सणाला दारातले जनावर काढू नये म्हणून तोही दिवस जाऊ दिला. एवढी सवलत देवाकडे मागितली. आणखी मागितली नाही.

तिच्याबद्दल काहीही देऊ करू नये. आम्ही घोडी विकलेली नाही.

गोरक्ष तिला चालवत आणत आहे. गाडीत घालून नेऊ का, असे त्याने गजराबाईंकरवी विचारले; मी त्यांना म्हटले, चालत. या घरातून घोडी जाताना लोकांनी पाहावी. गजराबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावले, लेक सासरी निघावी तसा तोंडावरून हात फिरवला. मी बाहेर आलो नाही. खिडकीतून पाहिले. जाताना गोरक्षाने हाक दिली, "आप्पा, येतो." मी "ये" म्हटले. त्या चौकशीनंतर त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. तो कळंबला पोहोचेल तेव्हा दमलेला असेल. त्याला पोटभर जेवू घालावे. वजनाचा विषय काढू नये, आणि तुमच्या घरी कोणी काढला तर त्याला गप्प करावे.

मोरणीविषयी : पाणी पिताना ती कान मागे टाकते, तो राग समजू नये. हरभऱ्याची भरड भिजवून द्यावी. ऋतिक पुढे झुकून बसतो, ते बरोबर आहे. परंतु निघताना टाचा मारतो. टाच मारू नये, जिभेने नुसता आवाज करावा, ती निघते. शेवटच्या चढाला तो लगाम आवळतो. तेथे सैल सोडावा. तेथे तिला स्वाराची गरज नसते. हे सर्व मी त्या चलचित्रात पाहिले. भिका तुम्हाला सांगेल की मी ते रोज त्याच्याकडे जाऊन पाहतो. भिकाचे बोलणे कसे असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पोर चांगले बसते. गोरक्ष त्या वयात याहून चांगला बसत असे.

मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. गोरक्षालाही केलेली नाही; परंतु तो संध्याकाळी परत घरी येईल आणि समोर जेवायला बसेल, तेव्हा त्याचे पाहता येईल. तुमचे तसे नाही.

यात्रा तीन आठवड्यांवर आली आहे. मला बोलावणे पाठवू नये. पाठवलेत तर मला यावे लागेल, आणि आलो तर घाटात वरच्या टोकाला, तुम्ही उभे राहता तेथेच, उभे राहावे लागेल. म्हणून पाठवू नये.

यमाजी